बंद वहीतली दुसरी नोंद

अमेरिकेत साध्या नागरिकाला मशीनगन कायदेशीर विकत घेता येते, असं पुण्यात सांगितलं की ऐकणाऱ्यांचे दोन तट पडतात. एक म्हणतो, त्या देशात काय, किराण्याच्या दुकानातही मिळत असेल. दुसरा म्हणतो, थापा मारू नकोस. खरा प्रकार दोन्हींपेक्षा चमत्कारिक आहे. मशीनगन घेता येते, पण जुनीच. १९ मे १९८६ च्या आधी केंद्र सरकारच्या दप्तरी नागरिकाच्या मालकीसाठी जिची नोंद झाली, तेवढीच. त्या दिवशी वही मिटली. तेव्हा नोंदल्या गेलेल्यांपैकी आज पावणेदोन लाखांच्या आसपास उरल्यात आणि त्याच या हातातून त्या हातात फिरतायत. नवी एकही येणार नाही. आहेत त्यांतल्या काही मोडणार, काही जप्त होणार, काही आगीत जाणार. आकडा फक्त खाली जाऊ शकतो.

त्यातली एक माझ्याकडे आहे. दुसरीच्या शोधात गेलं वर्ष गेलं. बजेट बारा हजार डॉलर, त्याच्या वर एक पैसा नाही. रुपयांत ही रक्कम दहा लाखांच्या वर जाते, त्यामुळे हिला 'बेताची' म्हणताना मलाही जीभ चावावीशी वाटते. पण या छंदाच्या बाजारात बारा हजार ही शिडीची सगळ्यात खालची पायरी आहे. एम-१६ ही लष्करी रायफल तीस हजारांच्या बरीच वर. दुसऱ्या महायुद्धातली बरी थॉम्प्सन सबमशीनगन, म्हणजे पिस्तुलाची काडतुसं खाणारी आटोपशीर मशीनगन, तीही माझ्या दुप्पट पैशांत येत नाही. तेव्हा या दोघींची नावं पहिल्याच दिवशी खोडली आणि त्यांच्या जाहिराती बघणंही सोडलं. ते उगाच जिवाला घोर लावून घेणं आहे.

आधी व्यवहार सांगतो, कारण तो कळल्याशिवाय बाकी निवड कळायची नाही. १९३४ मध्ये, शिकागोच्या टोळीयुद्धांच्या आठवणी ताज्या असताना, अमेरिकन काँग्रेसने नॅशनल फायरआर्म्स अ‍ॅक्ट केला. मशीनगनवर बंदी घातली नाही, कर बसवला. दर हस्तांतराला दोनशे डॉलर. तेव्हा थॉम्प्सनची किंमतच साधारण तेवढी होती, म्हणजे कराच्या नावाखाली बंदीच. गंमत अशी की तो आकडा पुढे कुणी वाढवलाच नाही. २०२६ च्या जानेवारीपासून सायलेन्सर आणि आखूड नळीच्या रायफलींवरचा कर शून्यावर आला, मशीनगनवरचे दोनशे मात्र जागच्या जागी आहेत. पुढे १९६८ च्या कायद्याने परदेशी मशीनगनची नागरिकांसाठीची आयात थांबली. आणि १९८६ मध्ये बंदूकधारकांच्या सोयीसाठी म्हणून आणलेल्या एका विधेयकाला न्यू जर्सीचे प्रतिनिधी विल्यम ह्यूज यांनी एक दुरुस्ती चिकटवली: यापुढे नव्या मशीनगनची नागरिकांसाठी नोंद नाही. रेगन यांनी सही केली आणि वही बंद.

म्हणून इथे मशीनगन घेताना माणूस वस्तू घेत नाही, नोंद घेतो. आपल्याकडे पडकं घर घेताना भिंती कोण बघतो, सातबारा स्वच्छ आहे ना ते बघतात, तसंच. नोंद असते ती रिसीव्हरची, म्हणजे बंदुकीच्या मुख्य सांगाड्याची. नळी बदला, दस्ता बदला, बोल्ट (गोळी नळीत ढकलून मागून बंद करणारा सरकता भाग) बदला, कुणी विचारत नाही. सांगाड्याला तडा गेला तर दुरुस्त करता येतो. पण तो पार निकामी झाला तर त्याचा क्रमांक दुसऱ्या सांगाड्यावर चढवता येत नाही. दहा हजार डॉलरची नोंद भंगारात.

मी पेन्सिल्वेनियात राहतो, इथे राज्याची आडकाठी नाही. न्यू जर्सी किंवा कॅलिफोर्नियात असतो तर हा लेख लिहायची वेळच आली नसती. व्हिसावर होतो तोवर या वाटेला गेलो नाही. नागरिकत्वाचा कागद हातात पडल्यावरच पहिली घेतली. ती एम-११/९. जॉर्जियातल्या एसडब्ल्यूडी कंपनीची, वही बंद व्हायच्या तोंडावर घाऊक नोंदवलेली. त्या काळी काही शे डॉलरना मिळायची, आज दहा हजारांच्या आसपास. दिसायला पत्र्याचा डबा. खरंच पत्राच आहे, वाकवून जोडलेला. आणि वेग मिनिटाला बाराशे गोळ्या, म्हणजे सेकंदाला वीस. बत्तीस गोळ्यांचं मॅगझिन दीड सेकंदात रिकामं. नळीखालच्या पट्ट्यात डाव्या हाताची बोटं अडकवायची, तारेचा दस्ता खांद्याला लावून तोल सावरायचा, चाप ओढायचा, आणि 'अरे' म्हणेपर्यंत खेळ खलास. पाच वर्षांचा पोरगा फटाक्यांची माळ बघून खूश होतो त्याच जातीचा आनंद. मी त्याला नावं ठेवत नाही, मला तो हवाच होता. पण महिन्यातून एकदा रेंजवर जाऊन दहा मॅगझिनं झाडली की सरळ सत्तर-ऐंशी डॉलरची काडतुसं गेलेली असतात आणि प्रत्यक्ष चाप ओढलेला असतो तो पंधरा-सोळा सेकंद.

इथे एक प्रामाणिक सल्ला देऊन टाकतो, कारण बेताच्या बजेटवाल्याला तोच सगळ्यात उपयोगाचा. दुसरी मशीनगन घेण्याआधी पहिलीचा वरचा भाग बदलून बघावा. एम-११/९ साठी लेज नावाची एक छोटी कंपनी असे अप्पर बनवते: जड बोल्ट, लांब नळी, बरा दस्ता, आणि वेग निम्म्यावर. खर्च नव्या बंदुकीच्या दहाव्या हिश्शाच्या आसपास. नव्या नोंदीची गरज नाही, कारण सांगाडा तोच. पॉइंट टू-टूची स्वस्त काडतुसं खाणारे अप्परही निघतात. फक्त नेमबाजीची हौस भागवायची असेल तर प्रश्न इथेच मिटतो, आणि दुसरी मशीनगन घेऊ नये असं मी कुणालाही सांगेन. मीही तसं अप्पर घेतलंय. बंदूक एकदम शहाण्यासारखी वागायला लागली.

पण मला नुसतं झाडायचं नव्हतं. मला जुनी वस्तू हवी होती, कुणाच्या तरी हातून आलेली. एम-११/९ ला इतिहास नाही. ती कायद्याची चाहूल लागल्यावर जन्माला आली आणि विक्रीसाठी वाट बघत बसली. दुसरी हवी होती ती संथ, पोलादी आणि कधीकाळी खऱ्या कामाला लागलेली.

मन स्टेनवर होतं. माझ्या पिढीने 'स्टेनगनधारी' हे विशेषण लहानपणी पेपरात रोज वाचलंय. पंतप्रधानांच्या सुरक्षेपासून पंजाबातल्या बातम्यांपर्यंत. खरं तर आपल्या पोलिसांच्या खांद्याला दिसायची ती बहुतेकदा तिची धाकटी बहीण स्टर्लिंग, कानपूरच्या कारखान्यात बनलेली कार्बाइन. पण थोरलीचं नाव धाकटीला चिकटलं ते चिकटलंच. स्टेन ही १९४१ ची, डंकर्कला शस्त्रं टाकून आलेल्या ब्रिटनने घाईघाईत काढलेली. शेफर्ड आणि टर्पिन या दोघांची आद्याक्षरं आणि एनफिल्डची पहिली दोन. लोखंडी पाइप, आत स्प्रिंग आणि बोल्ट, डाव्या कुशीतून आडवं निघालेलं मॅगझिन. चाळीस लाखांच्या घरात बनल्या. वेग मिनिटाला पाचशेच्या पुढे-मागे. म्हणजे एकेक गोळी मोजता येते.

तर स्टेनच का नाही? कारण बाजारात दोन प्रकारच्या स्टेन आहेत आणि जाहिरातीत दोघी सारख्याच दिसतात. एक खरी, युद्धातली, १९६८ ची आयातबंदी येण्याआधीच इथे आलेली. पन्नास वर्षं उलटल्यामुळे कायदा तिला पुराणवस्तू मानतो, आणि ती माझ्या बजेटच्या वर आहे. दुसरी म्हणजे 'ट्यूब स्टेन'. वही बंद होणार हे कळल्यावर इथल्या छोट्या-मोठ्या कारागिरांनी पाइपचे तुकडे कापले, त्यांच्यावर क्रमांक ठोकले, नोंदी करून टाकल्या. नंतर सवडीने त्या पाइपांत मोडीत निघालेल्या ब्रिटिश स्टेनचे सुटे भाग बसवले. कायदेशीर आहे, चालतेही छान. पण ज्याची नोंद आहे तो पाइप १९८५-८६ चा. मी दोन-तीन पाहिल्या. एकीचं वेल्डिंग इतकं उकिरड्यासारखं होतं की मॅगझिनचं घर सरळ आहे की कललंय ते मला सांगता येईना. दुसरी देखणी होती, पण मालकाने स्वतःच सांगितलं की नळी सोडून युद्धातलं तिच्यात फारसं काही नाही. मग माझ्या पत्र्याच्या डब्यात आणि तिच्यात फरक काय राहिला? वर्षाचाही नाही.

पट्ट्यावर चालणारी ब्राउनिंग १९१९ काहीजण सुचवत होते. तिपाई सोडून चौदा किलो वजन, आणि रायफलीची काडतुसं खाते. तिला पोसायला दुसरी नोकरी धरावी लागेल.

काडतुसांचा विषय निघाला की मला बाबांना फोन करावासा वाटतो. बाबांची सगळी नोकरी खडकीच्या अ‍ॅम्युनिशन फॅक्टरीत गेली. १८६९ चा कारखाना. घरात त्याला 'फॅक्टरी' एवढंच नाव, जणू जगात दुसरी नाहीच. इथल्या एका गन शोमध्ये जुन्या काडतुसांच्या टेबलावर खोकंभर थ्री-नॉट-थ्री पडली होती. एक उचललं, पालथं केलं, तर बुडाच्या पितळावर 'के एफ' ठसा. किरकी फॅक्टरी. विकणाऱ्याला विचारलं, हे कुठलं? तो म्हणाला, भारतातलं असावं. मी म्हटलं, असावं कशाला, आहे. त्याने दोन डॉलर मागितले, मी घासाघीस केली नाही. फोटो पाठवल्यावर बाबांचा पहिला प्रश्न, "कॅपला हिरवं धरलंय का बघ." धरलं होतं. "मग ते कपाटात ठेव, बंदुकीत घालू नकोस."

नव्या बंदुकीचं सांगितल्यावर त्यांनी वेग, नळी, किंमत यांतलं काही विचारलं नाही. "गोळी कोणती खाते?"

"पंचेचाळीस, बाबा."

"महाग आहे का नाइन एमएमपेक्षा?"

"आहे. जवळजवळ दुप्पट."

"मग हळू खाणारी घे."

त्यांच्या या एका वाक्याने माझी यादी निम्मी झाली, आणि उरलेल्या निम्म्यात सगळ्यात वर राहिली ती रायझिंग मॉडेल ५०.

रायझिंगचं नाव घेतलं की जाणकार आधी हसतात. यूजीन रायझिंग यांनी ती आखली, मॅसॅच्युसेट्समधल्या वूस्टरच्या हॅरिंग्टन अँड रिचर्डसन कंपनीने बनवली. १९४१-४२ साली मरीन्सना, म्हणजे अमेरिकेच्या समुद्रमार्गे उतरून लढणाऱ्या सैनिकांना, सबमशीनगन हव्या होत्या, थॉम्प्सन पुरत नव्हत्या आणि दोनशेच्या आसपास पडत होत्या. ही साठ-बासष्ट डॉलरला येत होती, वजनाने निम्मी-पाऊण, नेमाला जास्त अचूक. घेतल्या. १९४२ मध्ये पॅसिफिकमधल्या ग्वादलकनाल बेटाच्या चिखलात, वाळूत आणि दमट हवेत तिने मान टाकली. कारण तिच्या रचनेतच होतं. गोळी सुटण्याआधी तिचा बोल्ट मागच्या बाजूने किंचित वर उचलला जाऊन सांगाड्यातल्या एका खाचेत बसतो. त्या खाचेत कचरा साचला की बोल्ट पुरता बसत नाही, आणि पुरता बसला नाही तर बार निघत नाही. वर, कारखान्यात एकेक भाग कानस लावून हाताने जुळवलेला. म्हणजे एकीचा बोल्ट दुसरीला बसेल याची खात्री नाही. तंबूत चार बंदुका एकत्र साफ केल्या आणि भागांची अदलाबदल झाली की चारही बाद. मरीन्सनी त्या नदीत फेकल्या अशी गोष्ट सांगतात. उरलेल्या मायदेशी आल्या, कारखान्यांच्या पहारेकऱ्यांकडे आणि गावोगावच्या पोलिसांकडे गेल्या, आणि तिथे कपाटात पडून राहिल्या. गोदी, पूल, धरणं राखणाऱ्यांच्या हातात तिने कुरकुर केल्याचं ऐकिवात नाही. चिखलच नव्हता.

आणि माझ्याकडेही चिखल नाही. काँक्रीटची फरशी आणि वर छप्पर असलेली रेंज आहे, तेलाची बाटली आहे आणि रविवार आहे. युद्धात नापास झालेली बंदूक संग्राहकाला स्वस्त पडते, कारण तिच्या भाळी थॉम्प्सनचं वलय नाही. माझ्यासारख्याने नेमकी हीच फट शोधायची असते. जिथे दोष खरा आहे, पण तो आपल्याला लागू होत नाही.

मला मिळाली ती ओहायोतल्या एका डीलरकडे. हातात घेतल्यावर पहिल्यांदा जाणवतं की ही मशीनगन वाटतच नाही. अक्रोडाच्या लाकडाची लहान चणीची रायफल वाटते. बोल्ट ओढायची मूठ कुठे दिसत नाही. ती लाकडाच्या पोटाखाली, एका खोबणीत लपलेली. डाव्या हाताचं बोट आत घालून मागे खेचायची. नळीवर गारवा राहावा म्हणून कातलेल्या चकत्या. सुरुवातीच्या बंदुकींना अठ्ठावीस, नंतरच्यांना चौदा. हिला चौदा, आणि कडांवरचा निळा रंग उडून खालचं पांढरं पोलाद दिसत होतं, मधल्या खाचांत मात्र तो तसाच गडद. उजव्या बाजूला सरकता खटका, तीन जागी थांबणारा: सलग, एकेक, बंद. डीलरने बोल्ट बाहेर काढून दिला. मी तो परत आत घालून अंगठ्याने हळू पुढे सरकवला आणि शेवटच्या टप्प्यात तो मागून वर उठून खाचेत बसतो तो क्षण बोटाला लागतो का बघितलं. लागला. टक् असा नाही, लोणी लावलेल्या ड्रॉवरसारखा. तीन-चार वेळा केलं. कानस ज्या कुणी लावली होती त्याचा हात चांगला होता. मग खाचेत टॉर्च मारून कोपरे पाहिले, सांगाड्याच्या मागच्या बुचाचे आटे पाहिले, आणि सगळ्यात शेवटी क्रमांक. एकेक आकडा कागदावरच्या आकड्याशी बोट ठेवून ताडला. नोंदीत एक आकडा इकडचा तिकडे असला तर पुढे होणारा मनस्ताप मी इतरांचा पाहिलाय.

साडेनऊ हजारांत सौदा ठरला. दोनशे कर धरून माझ्याकडे दोन हजारांच्या वर उरत होते, आणि ते उरायलाच हवे होते. मॅगझिनं, स्प्रिंगा, एक जादा फायरिंग पिन, काडतुसं. बंदुकीवर शेवटचा डॉलर घालवून मग ती भिंतीला टांगून बसलेली माणसं या छंदात पुष्कळ आहेत.

रायझिंगही कायद्याच्या लेखी पुराणवस्तू, आणि त्याचा एक फायदा आहे. तीस डॉलरमध्ये तीन वर्षांचं संग्राहकाचं लायसन्स मिळतं, आणि ते असलं की परराज्यातली अशी बंदूक मधल्या डीलरशिवाय थेट स्वतःच्या नावावर करता येते. एम-११/९ ला ती सोय नाही. तिला पन्नास वर्षं पुरी व्हायला अजून वेळ आहे. बाकी सोपस्कार तेच: फॉर्म ४ म्हणजे हस्तांतराचा अर्ज, पासपोर्टचे फोटो, दहाही बोटांचे ठसे, एक प्रत स्थानिक पोलीसप्रमुखाला माहितीसाठी. ठसे घेणारी बाई दरवेळी म्हणते, बोटं सैल सोडा. एवढं लिहून दिलं तरी मला बोटं सैल सोडायला जमत नाहीत.

बायकोचा प्रश्न वेगळाच होता. २०१७ मध्ये लास व्हेगासला हॉटेलच्या खिडकीतून गर्दीवर गोळीबार झाला तेव्हा आम्ही टीव्हीसमोर बसलो होतो. ती तेव्हा काही बोलली नाही. या वेळी म्हणाली, "एक आहे ना तुझ्याकडे? दुसरी घेऊन तू काय सिद्ध करणार आहेस?" मी तिला सांगितलं की त्या माणसाकडच्या रायफली नोंदणीकृत मशीनगन नव्हत्या, साध्या रायफलींना बंप स्टॉक, म्हणजे धक्क्याच्या जोरावर भराभर गोळ्या झाडू देणारे दस्ते, लावलेले होते, वहीतल्या बंदुकांनी झालेले गुन्हे गेल्या नव्वद वर्षांत हाताच्या बोटांवर मोजावेत इतके आहेत. हे खरंय. पण तिने जे विचारलं होतं त्याचं हे उत्तर नव्हे, आणि ते तिला कळत होतं. शेवटी असं ठरलं की तिजोरी बदलायची, आकड्यांचं कुलूप दोघांनाच माहीत असायचं, आणि मुलगा अठराचा होईपर्यंत त्याच्यासमोर कौतुक करायचं नाही. तिसरी अट मला सगळ्यात जड जाते.

खरं सांगायचं तर ज्या कायद्यापायी मला दहापट पैसे मोजावे लागतात तो मला पटतो. छंदातल्या मंडळींसमोर हे बोललं की वातावरण बिघडतं. ठसे, फोटो, नोंद, मर्यादित संख्या. एवढ्या गाळण्यांतून आलेला माणूस रागाच्या भरात ही वस्तू घेऊन बाहेर पडत नाही, आकडे तेच सांगतात. आज रस्त्यावर सापडतात त्या चोरट्या मशीनगन नखाएवढ्या बेकायदा तुकड्याने तयार होतात आणि त्यांची कुठल्या वहीत नोंद नसते. वही पुन्हा उघडावी म्हणून सभांमध्ये टाळ्या वाजवणारे संग्राहक मी पाहिलेत. त्यांच्यातल्या किती जणांना ती मनापासून उघडायला हवीय याची मला शंका आहे. तीस हजारांची एम-१६ दुसऱ्या दिवशी हजार-बाराशेची होईल, हे गणित त्यांनाही येतंच.

फॉर्म गेलाय. मंजुरी येईपर्यंत बंदूक ओहायोतच, डीलरच्या तिजोरीत. पूर्वी या कागदाला वर्षही लागायचं, आता बराच लवकर येतो. मधल्या काळात मॅगझिनं जमवतोय. मूळची वीस गोळ्यांची दुहेरी, म्हणजे दोन रांगांत गोळ्या बसणारी; तिच्या ओठांशी गोळी अडकते अशी तक्रार होती म्हणून नंतर एका रांगेची बारावाली निघाली. संग्राहक वीसवाल्यांच्या मागे असतात, म्हणून त्यांचे भाव चढे. मी बारावाली चार घेतली. मिनिटाला साडेपाचशेच्या वेगाने एक रिकामं व्हायला सव्वा सेकंद लागेल. बाबांना हे सांगितलं तर म्हणाले, "मग खटका एकेकवर ठेव ना."